निवडणुका जिंकूनही हरल्याची भावना: अमेरिकेतील परंपरावाद्यांना नेमके काय खुपते?

प्रश्न
अंत्रूजकर (निवृत्त शिक्षक, फोंडा तालुका)

सर्व सभासदांना नमस्कार.

2023 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मी आणि माझी पत्नी अमेरिकेत ओहायो राज्यात पुतण्याकडे राहून आलो. त्याचे घर एका लहान गावाच्या वेशीवर आहे. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी उमेदीची वर्षे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली, कारखाना बंद पडल्यावर शाळेची बस चालवली, आणि आता ते आपल्या चर्चची डागडुजी विनामोबदला करतात. पुतण्या तिथे राहायला गेला त्या पहिल्याच हिवाळ्यात, कोणी न सांगता, पहाटे उठून त्याच्या दारातला बर्फ उपसून ठेवणारे हेच गृहस्थ. आम्ही तिथे होतो तेवढे दिवस त्यांनी आम्हाला परकेपणा जाणवू दिला नाही. तरीही देशाचा विषय निघाला की त्यांच्या बोलण्यात असा काही सल उमटत असे, की मला उत्तर सुचत नसे. त्या सलाचा उलगडा व्हावा म्हणून हा प्रश्न इथे मांडतो आहे.

एका बुधवारी ते आम्हाला चर्चमधल्या सामुदायिक जेवणाला घेऊन गेले. तीनशे माणसे सहज बसतील एवढी ती वास्तू. जेवायला आम्ही धरून पस्तीस-चाळीस जण, आणि त्यांतले बहुतेक माझ्याहून वयाने मोठे. प्रार्थनागृहाच्या भिंतीवर एक लाकडी फळी टांगलेली होती आणि तिच्या खाचांत आकड्यांचे सुटे पुठ्ठे बसवलेले होते: गेल्या रविवारची उपस्थिती 38, एक वर्षापूर्वीची उपस्थिती 46. हे पुठ्ठे दर रविवारी बदलण्याचे काम या गृहस्थांकडेच आहे. त्यांनी सांगितले, की त्यांच्या लहानपणी शेकड्याच्या खाचेत दोनचा पुठ्ठा कायम असायचा. आता ती खाच रिकामीच राहते. मी आयुष्यभर सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. माझ्या निवृत्तीच्या वर्षी चारही वर्गांत मिळून अकरा मुले होती, आणि दारातल्या फळ्यावर पटसंख्या आणि हजेरी रोज मीच लिहीत असे. त्या रिकाम्या खाचेसमोर मी बराच वेळ उभा राहिलो.

त्याच नोव्हेंबरात ओहायोत गर्भपाताच्या हक्काविषयी सार्वमत होते. घरोघरच्या अंगणांत दोन्ही बाजूंचे फलक रोवलेले होते. ओहायोने 2016 आणि 2020 या दोन्ही निवडणुकांत डोनाल्ड ट्रम्प यांना कौल दिलेला, विधिमंडळही रिपब्लिकन पक्षाच्या हाती. त्यामुळे हा प्रस्ताव पडेल अशी शेजाऱ्यांची खात्री होती. 7 नोव्हेंबरला मतदान झाले आणि सुमारे 57 टक्के मतदारांनी हा हक्क राज्याच्या घटनेत घालण्यास मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघालो तेव्हा ते आपल्या अंगणातला फलक उपटत होते. त्याच्या तारेच्या पायांना लागलेली माती त्यांनी बुटाने खरवडून काढली, फलक गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला, आणि मला म्हणाले, "मी जे मानतो तेच माझे वडील मानत होते आणि या गावातली सगळी माणसे मानत होती. मी होतो तिथेच उभा आहे. तरीही आता मलाच टोकाचा माणूस म्हणतात."

2024 मध्ये त्यांनी ज्यांना मत दिले ते पुन्हा अध्यक्ष झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपैकी सहा जण रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले आहेत. एवढे असूनही नाताळात आलेल्या त्यांच्या पत्राचा सूर बदललेला नाही. सत्ता आपल्या बाजूची असताना माणसाला आपण हरलो असे का वाटावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

एक विनंती करतो. आपली वृत्तपत्रे या लोकांना सरसकट 'पुराणमतवादी' म्हणतात आणि त्या एका शब्दातच निवाडा होऊन जातो. मी 'परंपरावादी' हा शब्द वापरला आहे. ज्यांना त्यांची मते पटत नसतील त्यांनीही अवश्य लिहावे, पण त्या माणसाला अडाणी ठरवून विषय मिटवू नये.

उत्तर 1
तिसवाडीकर (वकील, पणजी)

गुरुजी, आपण प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवून विचारला आहे. माझे उत्तर न्यायालयाच्या अंगाने असेल, कारण माझ्या समजुतीप्रमाणे या सलाचे मूळ मतपेटीत कमी आणि न्यायालयात अधिक आहे.

आधी घरचे उदाहरण सांगतो. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात माझ्या वडिलांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, मत दिले होते. विलीनीकरणाच्या विरोधातल्या दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170, आणि 34,021 मतांनी विलीनीकरण नाकारले गेले. वडिलांना ते शेवटपर्यंत लागून राहिले. परंतु आम्हाला विचारलेच नाही, असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. अमेरिकेतल्या परंपरावाद्यांची तक्रार ऐकताना मला हा फरक सारखा आठवतो, कारण गेल्या साठ वर्षांतील मोठमोठे बदल आपल्याला न विचारता झाले, अशी त्यांची ठाम समजूत आहे आणि ती निराधार नाही.

शाळेपासून सुरुवात करावी लागेल. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी 22 शब्दांची एक प्रार्थना तयार केली होती, आणि ती म्हणण्याची कोणावर सक्ती नव्हती. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि पुढच्याच वर्षी सरकारी शाळांतील बायबलवाचनही थांबवले. कायद्याच्या दृष्टीने या निकालांमागे सबळ कारण होते, कारण सरकारने प्रार्थना लिहून द्यावी हे सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई करणाऱ्या, अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत बसत नाही. पण ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या शाळा प्रार्थनेने भरत असे, तिथल्या पालकाला एवढेच दिसले, की दूर वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या काही माणसांनी आपल्या मुलाच्या शाळेची सकाळ बदलली.

22 जानेवारी 1973 रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणारा रो विरुद्ध वेड हा निकाल 7 विरुद्ध 2 मतांनी आला आणि बहुतेक राज्यांचे कायदे एका दिवसात निरस्त झाले. पुढे काय घडले ते नीट पाहिल्याशिवाय त्यांच्या मनातला कडवटपणा कळत नाही. या लोकांनी दगड उचलले नाहीत. त्यांनी संघटना बांधल्या, 1974 पासून दर जानेवारीत कडाक्याच्या थंडीत वॉशिंग्टनमध्ये मोर्चे काढले, आणि आपल्या विचारांचे न्यायमूर्ती नेमतील असे अध्यक्ष निवडून आणले. 1992 मध्ये, केसी या खटल्यात, तो निकाल उलटवण्याची संधी आली. त्या वेळी नऊपैकी आठ न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. तरीही 5 विरुद्ध 4 मतांनी 'रो'चा गाभा कायम राहिला, आणि तो टिकवणारे संयुक्त मत लिहिणारे तिघेही, म्हणजे ओकॉनर, केनेडी आणि सूटर, रेगन आणि बुश यांचीच निवड होते. 2015 मध्ये समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा ओबर्गेफेल निकालही 5 विरुद्ध 4 मतांचाच होता आणि तोही केनेडी यांनीच लिहिला. नोकरीत समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींविरुद्ध होणारा भेदभाव बेकायदा ठरवणारा 2020 चा बॉस्टॉक निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच हे तर खुद्द ट्रम्प यांनी नेमलेले. मतदाराने आपले काम चोख करावे आणि फळ मात्र दुसऱ्याच्या पदरात पडावे, असे चाळीस वर्षे झाले तर निवडणूक जिंकल्याचा आनंद कितीसा उरेल?

ओबर्गेफेलमधले मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांचे भिन्न मत मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कनिष्ठ वकिलांना आवर्जून वाचायला देतो. समलिंगी विवाह चांगला की वाईट याविषयी त्यांनी तिथे मत दिलेले नाही. लोक या प्रश्नावर आपापसांत वाद घालत होते, काही राज्ये मतदानाने एका दिशेने आणि काही दुसऱ्या दिशेने जात होती, आणि न्यायालयाने तो वाद मध्येच थांबवला, हा त्यांचा आक्षेप होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी याच विषयावर निर्णय देताना, अशा विवाहाला मान्यता द्यायची की नाही हे संसदेने ठरवावे, असे म्हटले. दोन लोकशाही देशांनी एकच प्रश्न दोन वेगळ्या दारांतून आत घेतला, आणि दाराचा फरक परंपरावादी माणसाला फार महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या शेजाऱ्यांच्या फलकाकडे येतो. 24 जून 2022 रोजी डॉब्स निकालाने 'रो' रद्द झाला आणि प्रश्न राज्यांकडे, म्हणजे लोकांकडे, परत आला. 49 वर्षे याचीच तर मागणी होती. त्यानंतर सहा आठवडेही उलटले नसतील, तोच 2 ऑगस्टला कॅन्सससारख्या भरवशाच्या रिपब्लिकन राज्यात, गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून टाकणारा प्रस्ताव सुमारे 59 टक्के मतदारांनी फेटाळला. पुढच्या वर्षी ओहायोत काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. न्यायालयाने अडवले होते तोवर, लोक आपल्याच बाजूचे आहेत असे म्हणता येत होते. त्या दिवशी सकाळी आपल्या शेजाऱ्यांनी फलक उपटला तेव्हा त्यांना विचारले गेले होते, आणि त्यांच्याच गावकऱ्यांनी उत्तर दिले होते. मला वाटते, त्यांचा आताचा सल हा दुसरा सल आहे आणि तो पहिल्याहून खोल गेलेला आहे.

उत्तर 2
साष्टीकर (मडगाव)

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. वकीलसाहेबांनी मांडलेला क्रम बरोबर आहे, पण 'लोकांना विचारले नाही' या तक्रारीत नेमके कोणते लोक धरायचे, हा प्रश्न त्यात राहून गेला आहे.

1967 मध्ये, म्हणजे आपल्या जनमत कौलाच्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींच्या विवाहावरील बंदी रद्द केली. तेव्हा 16 राज्यांत ही बंदी होती, आणि त्यानंतरच्या वर्षी गॅलपने घेतलेल्या चाचणीत अशा विवाहांना पसंती देणारे अमेरिकी नागरिक केवळ 20 टक्के होते. बहुमताची वाट पाहत बसले असते तर त्या जोडप्यांचे आयुष्य संपून गेले असते. ज्याचा हक्क पणाला लागलेला असतो त्याला सार्वमताचे दार फार अरुंद वाटते, आणि ओबर्गेफेलच्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभे असलेल्यांनाही तसेच वाटत होते.

गुरुजींच्या पुतण्याविषयीही आदरपूर्वक लिहिते. 1946 च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी वर्षाला 100 जागा मिळत. ती भिंत 1965 च्या कायद्याने पाडली, आणि तो कायदा करणारे उदारमतवादी होते. आज ओहायोत ज्या गृहस्थांनी आपल्या पुतण्याच्या दारातला बर्फ काढला, त्यांना शेजारी म्हणून पुतण्या मिळाला तो याच बदलामुळे. बदलाचा लाभ घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच बदलावरच्या रागाला दाद देताना थोडे थांबून विचार करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

अर्थात एक गोष्ट कबूल करते. त्या कायद्यावर सही करताना अध्यक्ष जॉन्सन यांनी सांगितले होते, की हे काही क्रांतिकारक विधेयक नाही. 1970 मध्ये अमेरिकेत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण 4.7 टक्के होते, आणि आता ते 14 टक्क्यांच्या पुढे गेले आहे. काही बदलणार नाही असे सांगून एवढे बदलले तर माणसाचा शब्दावरचा विश्वास उडतो. बाहेरून येणाऱ्यांविषयी आपल्या गोव्यात रोज जे बोलले जाते ते ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

उत्तर 3
बार्देशकर (म्हापसा)

मी 24 वर्षे पश्चिम पेनसिल्व्हेनियात अभियंता म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर म्हापशाला परतलो. गुरुजींच्या शेजाऱ्यांसारखी माणसे माझे सहकारी होती, त्यामुळे न्यायालयाच्या बाहेरचे जे पाहिले ते लिहितो.

आमच्या विभागात एक पर्यवेक्षक होते. कामात चोख, बोलण्यात मितभाषी, रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवणारे. विवाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यामध्ये असतो, असे ते 2008 मध्ये जेवणाच्या टेबलावर म्हणाले असते तर कोणी मान वर करून पाहिलेही नसते. अध्यक्षपदाचे उमेदवार बराक ओबामा त्या वर्षी तेच म्हणत होते, आणि ते निवडून आले त्याच दिवशी कॅलिफोर्नियासारख्या उदारमतवादी राज्यातील सुमारे 52 टक्के मतदारांनी विवाहाची हीच व्याख्या राज्याच्या घटनेत घातली. ओबामा यांनी आपली भूमिका 2012 च्या मे महिन्यात बदलली. 2014 मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे नवे प्रमुख ब्रेंडन आइक यांना, कॅलिफोर्नियाच्या त्या प्रस्तावासाठी पूर्वी दिलेल्या 1,000 डॉलरच्या देणगीवरून उठलेल्या वादळात, पद सोडावे लागले. सहा वर्षांपूर्वी राज्यातील बहुमताचे जे मत होते ते बाळगणे आता नोकरीच्या आड येऊ लागले होते. माणसे मत बदलतात, समाजही बदलतो. पण एखाद्या सज्जन माणसाला, काल तू शहाणा होतास आणि आज तू दुष्ट आहेस, असे सहा वर्षांत सांगितले तर त्याने ते कसे पचवावे?

त्या पर्यवेक्षकांची गोष्ट याच प्रकारची आहे. पुढे आमच्या कंपनीत एक प्रशिक्षण सक्तीचे झाले, आणि पत्राखाली आपल्या नावाबरोबर आपण स्वतःसाठी कोणते सर्वनाम वापरतो ते लिहावे, अशी सूचना आली. सूचना ऐच्छिक होती, परंतु कोणी लिहिले नाही याची नोंद ठेवली जात होती. त्यांनी ते लिहिले नाही. त्यांना कोणी काढले नाही. फक्त बैठकांची निमंत्रणे कमी झाली, आणि तरुण सहकारी त्यांच्या टेबलावर बसेनासे झाले. मला एकदा ते हळूच म्हणाले, "कोणाशीही मी वाईट वागलो नाही आणि वागणार नाही. जे मी मानत नाही ते माझ्या सहीखाली लिहायला लावू नका, एवढेच मागतो." त्यांचा मूळ विचार मला पटत नव्हता. तरीही त्या मागणीत गैर काय होते, हे मला आजतागायत कळलेले नाही, आणि त्या वेळी त्यांच्या टेबलावर मी पूर्वीइतका नियमित बसलो नाही, याचे मला वाईट वाटते.

आता जे लिहितो ते त्यांना मी कधी स्पष्ट सांगू शकलो नाही. त्यांचे गाव विसकटले त्याला फक्त उदारमतवादी कारणीभूत नाहीत. रविवारी दुकाने बंद ठेवण्याचे कायदे घटनेच्या विरोधात नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये, ज्या वर्षी गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, सांगितले होते. म्हणजे रविवार न्यायालयाने हिरावला नाही. तो मोठ्या दुकानदारीने घेतला, आणि बाजाराच्या मोकळेपणाचे गुणगान परंपरावादी पक्षच करत होता. दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा पहिला आधुनिक कायदा कॅलिफोर्नियात 1969 मध्ये झाला, आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर रॉनल्ड रेगन होते. मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा नाफ्टा करार 1 जानेवारी 1994 पासून लागू झाला. त्याच्या विधेयकाला कनिष्ठ सभागृहात डेमोक्रॅट सदस्यांपेक्षा रिपब्लिकन सदस्यांची मते अधिक पडली होती. 2000 साली अमेरिकेतील कारखान्यांत सुमारे 1 कोटी 70 लाख माणसे कामाला होती, आणि 2010 पर्यंत ती संख्या 1 कोटी 20 लाखांच्या खाली आली. कारखाना गेला की तरुण गाव सोडतात, आणि तरुण गेले की चर्चमधले बाक रिकामे होतात. गुरुजींनी पाहिलेल्या फळीवरचा आकडा असाच खाली आला असणार. सबंध देशाचे चित्रही वेगळे नाही: गॅलपच्या नोंदीप्रमाणे 1999 मध्ये 70 टक्के अमेरिकी कोणत्या ना कोणत्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते, 2020 मध्ये 47 टक्के उरले.

आणि शेवटी मुले. त्या पर्यवेक्षकांची मुलगी राज्याबाहेरच्या विद्यापीठात शिकायला गेली. 2016 च्या निवडणुकीनंतर ती थँक्सगिव्हिंगला घरी आली नाही, पुढच्या वर्षीही नाही. आपल्याकडे चतुर्थीला मुंबईतले किंवा आखातातले मूल घरी आले नाही तर माटोळीखाली उभ्या असलेल्या आईला काय वाटते ते आपण जाणतो. विद्यापीठांविषयी आणि चित्रपटांविषयी तिकडे जो राग बोलून दाखवला जातो तो वरवर राजकीय दिसतो. पण मी ज्यांना जवळून ओळखत होतो त्यांच्या बाबतीत त्या रागाच्या मागे बहुतेक वेळा घरातले एक रिकामे ताट होते. कोणताही अध्यक्ष निवडून आला तरी ते ताट भरत नाही. गुरुजी, आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
अंत्रूजकर

तिघांचेही मनापासून आभार. साष्टीकर बाईंचा मुद्दा मला टोचला आणि तो टोचायला हवा होता. पुतण्याला मी तो वाचून दाखवला. त्याने सांगितले, की शेजाऱ्यांशी त्याचे याविषयी एकदा बोलणे झाले होते, आणि ते म्हणाले होते, की तू दार वाजवून आलास. हे उत्तर पुरेसे आहे की नाही ते मी ठरवू शकत नाही.

मुलांविषयी बार्देशकरांनी लिहिले त्यावरून एक निकाल आठवला. मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी कौंटीच्या प्राथमिक शाळांत समलिंगी आणि पारलिंगी पात्रांची गोष्टीची पुस्तके वाचून दाखवली जात. पालकांना आधी कळवण्याची आणि हवे तर आपल्या मुलाला त्या तासापुरते बाहेर ठेवण्याची सोय सुरुवातीला होती. 2023 मध्ये ती काढून घेण्यात आली. त्याविरुद्ध मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक एकत्र न्यायालयात गेले, आणि 27 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी, खटला चालू असेपर्यंत ही मुभा त्यांना मिळाली पाहिजे, असे सांगितले. या पालकांनी पुस्तके जाळा म्हटले नव्हते. आम्हाला आधी सांगा, एवढी त्यांची मागणी होती. याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, 1925 मध्ये, सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे असा ओरेगॉन राज्याचा कायदा त्याच न्यायालयाने रद्द केला होता, आणि मूल ही केवळ राज्यसंस्थेची निर्मिती नव्हे, असे त्या निकालात लिहिले होते.

शिक्षक म्हणून मला हे वाक्य पटते, आणि इथेच माझी पंचाईत होते. 2011 मध्ये गोवा सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे ठरवले, तेव्हा मराठी आणि कोंकणी माध्यम वाचावे म्हणून मी उन्हातान्हात मोर्चात चाललो. माझी अकरा मुलांची शाळा मला डोळ्यांसमोर दिसत होती. त्या वेळी समोरची बाजू काय म्हणत होती? मुलाने कोणत्या भाषेत शिकायचे ते पालक ठरवतील, सरकार नाही. 6 मे 2014 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही कर्नाटकाच्या खटल्यात, प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकारला सक्तीचे करता येणार नाही, असाच निकाल दिला. म्हणजे ओहायोतील माझा शेजारी ज्या तत्त्वाचा आधार घेतो, त्याच तत्त्वाने माझी शाळा रिकामी केली. तो आणि मी दोघेही आपल्या वाडवडिलांचे काही राखू पाहत होतो, पण पालकाचा हक्क त्याच्या बाजूला उभा राहिला आणि माझ्या विरुद्ध.

मी अजूनही मराठी माध्यमाच्या बाजूचाच आहे, हे स्पष्ट लिहितो. फक्त, ज्या पालकांनी माझ्या शाळेतून मुले काढली त्यांच्याशी मी त्या काळात कसा बोललो, ते मला या चर्चेमुळे पुन्हा आठवते आहे. एका आईला मी गावाशी बेइमानी केलीस असे म्हणालो होतो. तिचे पती मुरगाव बंदरात हमाली करत होते आणि मुलाला कारकुनी तरी मिळावी एवढीच तिची इच्छा होती.

शेजाऱ्यांच्या पत्राला उत्तर लिहायला घेतले आहे, आणि त्यात हा शाळेचा प्रसंग सांगावा असे मनात आहे. त्यांच्या ताज्या पत्राप्रमाणे फळीवरचा आकडा आता 31 आहे. बार्देशकर, आपण तिथे इतकी वर्षे राहिलात म्हणून विचारतो: ज्या माणसाने मला आपले दुखणे विश्वासाने सांगितले, त्याला मी माझ्या बाजूची ही उलटी हकीकत लिहिली, तर तो माझ्यावर रागावेल, की त्याला कोणीतरी समजून घेतले असे वाटेल? आपल्याला वेळ झाला तर मसुदा आपल्याला पाठवतो. इंग्रजी एकदा तपासून द्यावे.